क्षमायाचनेची टेकडी : पोलंडातील एका पायी यात्रेची हकिकत

ज्युबिलीच्या पुस्तिकेत चर्चचा पाया कधी घातला गेला, घंटा कोणी दिली, कोणकोणते धर्मगुरू येथे होऊन गेले, ही हकिकत यावी असा रिवाज आहे, आणि ती या पुस्तिकेत इतरत्र आलीच आहे. आमच्याकडे संपादक मंडळींनी निराळे काम सोपविले. ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामातील तरुणांनी पायी यात्रा काढावी असा विचार चालला आहे. काही वडीलधारी मंडळीही कंबर कसून तयार आहेत असे कानावर येते. तेव्हा ख्रिस्तसभेत अशा यात्रा कशा चालत आल्या याविषयी आम्ही चार शब्द लिहावेत, अशी त्यांची इच्छा. यात्रा म्हटली की येरुशलेम, रोम आणि सांतियागो ही नावे प्रथम ओठांवर येतात, व त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे पोलंड देशातील वॉर्सा ते चेंस्तोहोवा या पायी यात्रेविषयी लिहावयाचे ठरविले आहे. कारण ती एकट्यादुकट्याची नसून जथ्याची आहे, आणि जथ्याने चालण्यात जे कठीण असते त्याला तिने एक ठरलेली जागा दिली आहे. ती जागा कोणती हे पुढे येईलच.

पोलंड देश आम्हां मराठी लोकांस अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सोव्हिएत सरकारने ज्या पोलिश कुटुंबांस १९४० व १९४१ साली घरादारांतून उठवून सायबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले, त्यांपैकी सुमारे पाच हजार जीव, बहुतेक बायका व मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात येऊन १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांनी शाळा चालविल्या, चर्च थाटले, सणवार पाळले. त्यांच्या मागून त्याच जागी सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि त्या वस्तीस आता गांधीनगर म्हणतात. परंतु कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांची आठवण सांगणारा स्तंभ अद्याप उभा आहे. हे लोक ज्या मरियामातेस आपली राणी मानतात, तिच्याकडे जाणाऱ्या वाटेची ही हकिकत होय.

चेंस्तोहोवा हे दक्षिण पोलंडातील शहर वार्ता नावाच्या नदीवर वसलेले आहे. (नदीचे नाव खरोखरीच वार्ता असे उच्चारतात, मराठी वाचकास त्याची गंमत वाटेल.) शहराच्या पश्चिमेस एक बुटकी टेकडी आहे, तिला यास्ना गूरा, म्हणजे उजळ टेकडी, म्हणतात. या टेकडीवर १३८२ साली हंगेरीतून आलेल्या पावलीन संन्याशांचा मठ स्थापन झाला, व दोन वर्षांनी मरियामातेचे ते सावळ्या मुखाचे चित्र तेथे आले. १४३० साली लुटारूंनी मठावर घाला घातला व चित्र फोडले. राजा यागिएलो याने क्राकोव्ह येथे ते दुरुस्त करवून घेतले, तरी उजव्या गालावरील वार आजही स्पष्ट दिसतात. पुढे १६५५ च्या नोव्हेंबरात, जवळजवळ सारा मुलूख स्वीडनच्या सैन्याने व्यापला असता, त्याने या मठासही वेढा घातला. मठाधिपती आउगुस्तिन कोर्देत्स्की यांनी थोड्याशा शिबंदीनिशी नाताळापर्यंत मठ लढविला आणि वेढा उठला. दुसऱ्याच वर्षी राजा यान काझिमिएझ याने मरियामातेस आपल्या राज्याची राणी म्हणून वरिले. तेव्हापासून पोलिश माणूस या टेकडीकडे जातो तो पूजास्थानी जातो तसाच दरबारीही जातो.

आता यात्रेकडे वळू. १७०७ पासून पुढली काही वर्षे वॉर्सा शहर प्लेगाने ग्रासले होते. युद्ध चालले होते, सैन्ये इकडून तिकडे जात होती, आणि सैन्याबरोबर दुष्काळ व दुष्काळाबरोबर रोग, हा क्रम तेथेही चुकला नाही. आमच्याकडे १८९६ च्या प्लेगाच्या गोष्टी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस ओस घरे व बंद दारे यांचे चित्र काढून दाखविण्याची गरज नाही. अशा वेळी शहरातील पावलीन संन्याशांच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमधील एका बंधुसंघाने, प्रभूच्या पाच जखमांच्या नावाने चालणाऱ्या संघाने, नवस केला व १७११ साली त्याचे सभासद चेंस्तोहोव्यास पायी निघाले. बंधुसंघ म्हणजे काय हे आमच्या जुन्या लोकांस सांगावयास नको. आमच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांतही पोर्तुगीज अमदानीपासून असे संघ होते, त्यांचे झेंडे होते, अंत्यविधीस जाण्याचे नेम होते. तो १७११ सालचा नवस एका वर्षापुरता राहिला नाही. यात्रा दरसाल निघू लागली, आणि २०११ साली तिने तीनशेवा फेरा पुरा केला.

यात्रा ६ ऑगस्टला, प्रभूच्या रूपांतराच्या सणादिवशी, वॉर्सा सोडते व १४ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या आदल्या दिवशी, पोहोचते. नऊ दिवसांत सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे दीडशेहून अधिक मैल. वाट सपाट मुलखातून जाते. दोहों बाजूंस कापणी झालेली गव्हाची व राईधान्याची शेते, बटाट्याची वाफे, पाइनची राने, त्यांतून जाणारी वाळूची पायवाट, मधूनच डांबरी रस्ता. आमच्याकडे त्या दिवसांत चिखल व पाऊस असतो. तेथे ऊन व धूळ असते, आणि एखाद्या वर्षी पाऊस आलाच तर आठवडाभर हटत नाही.

दिवस उजाडण्यापूर्वी मुक्कामाची जागा जागी होते. पूर्वी धान्याच्या कोठारात गवतावर झोपत असत. अद्यापही कोणी झोपतात, परंतु पुष्कळांपाशी आता तंबू असतात. विहिरीवर रांग लागते. सामान पूर्वी घोड्यांच्या गाड्यांतून जाई, आता मोटारलॉऱ्यांतून जाते, तेव्हा ज्याने आपली पिशवी वेळेवर लॉरीत टाकली नाही त्याने ती दिवसभर पाठीवर वाहावी. यात्रेचे लहान लहान जथे केलेले असतात. प्रत्येकापुढे क्रूस, मागे निशाण, आणि खांद्यावर कर्णा घेतलेले दोघे-तिघे. (कर्णे नसते तर बरे, असे आमचे मत, पण दोन फर्लांग लांब रांगेस एका सुरात गावयाचे असेल तर त्यांस इलाज नाही हेही खरे.) चालू लागताच पहाटेची मरियामातेची स्तोत्रे गातात, नंतर जपमाळ, नंतर धर्मगुरूचे प्रवचन, व त्यामागून काही वेळ सक्तीचे मौन. दुपारी बाराच्या सुमारास देवदूताच्या निरोपाची प्रार्थना. मिस्साबलिदान बहुधा उघड्यावर, रानाच्या कडेस किंवा शेतात होते, आणि वेदी म्हणजे पुष्कळदा एक साधे मेज.

या यात्रेत साहेब, बाईसाहेब, डॉक्टर, प्रोफेसर असे कोणी कोणास म्हणत नाही. पोलिश भाषेत परक्या माणसास आदराने संबोधण्याचा मोठा कडक शिष्टाचार आहे. तो यात्रेच्या पहिल्या दिवशी खाली ठेवावयाचा व सर्वांनी सर्वांस 'भाऊ' किंवा 'बहीण' म्हणावयाचे. पंढरीच्या वाटेवर सगळे एकमेकांस 'माउली' म्हणतात, हे पाहिलेल्या मराठी माणसास त्याचे नवल वाटणार नाही.

चालता चालता पापनिवेदन करण्याची एक रीत तेथे आहे, ती आम्हांस फार आवडली. धर्मगुरू गळ्यात स्टोल घालून जथ्यापासून वीस-पंचवीस पावले बाजूस चालतो. ज्यास मन मोकळे करावयाचे असेल तो त्याच्या शेजारी जाऊन चालू लागतो. जाळी नाही, खोका नाही, गुडघे टेकणे नाही. सेमिनरीत आम्हांस पापनिवेदनाच्या संस्काराचे जे नियम शिकविले गेले त्यांत पावलास पाऊल मिळवून चालण्याचा उल्लेख नव्हता. तथापि माणूस समोर बसून जे बोलू शकत नाही ते शेजारी चालताना बोलून जातो, हा अनुभव प्रत्येक धर्मगुरूस कधी ना कधी आलेला असतो. कित्येक वर्षे चर्चच्या पायरीला न शिवलेले लोकही या वाटेवर मोकळे होतात.

खेड्यांचा पाहुणचार हा तर या यात्रेचा अर्धा इतिहास आहे. जथा गावात शिरला की घरांपुढे मेजे मांडलेली असतात. पाण्याच्या बादल्या, फळे उकळून केलेले सरबत, सूप, पाव, घरच्या काकड्या, केक. मालकीण दारात उभी राहून वाढते आणि बदल्यात पैसा घेत नाही. आपल्या घरच्या आजाऱ्यासाठी किंवा दूरदेशी गेलेल्या मुलासाठी तिकडे एक प्रार्थना सांगा, एवढेच म्हणते. अशा रीतीने जो चालत नाही तोही यात्रेत सामील होतो. चालणारा प्रत्येक जण स्वतःचे एक मागणे घेऊन निघालेला असतो. चेंस्तोहोव्यास पोहोचेपर्यंत त्याच्या झोळीत अशी परक्यांची मागणी किती जमतात त्याचा हिशेब राहत नाही.

व्वादिस्वाव रेमोंट या पोलिश कादंबरीकारास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले हे पुष्कळांस ठाऊक असेल. तो उमेदीत असताना, १८९४ च्या मे महिन्यात, वॉर्साहून निघालेल्या एका यात्रेबरोबर चेंस्तोहोव्यास चालत गेला. ती आमची ही ऑगस्टातील यात्रा नव्हती. कोश्चुश्को याच्या १७९४ च्या उठावास शंभर वर्षे झाली म्हणून ती निघाली होती. परंतु वाटेवरचे जीवन तेच होते. त्याने दुसऱ्या वर्षी त्यावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. शहरी लेखक म्हणून तो जथ्याच्या कडेस चालू लागला, माणसे न्याहाळू लागला, मनातल्या मनात टिपणे करू लागला. पण दिवसांमागून दिवस गेले तसा तो कडेचा मधोमध आला आणि अखेरीस त्याला आपण निराळे आहोत हेच आठवेनासे झाले. विद्वान लोकांस पाय दुखू लागले म्हणजे विद्वत्तेचा अडसर किती लवकर पडतो, याचा हा चांगला दाखला आहे.

रेमोंट चालला त्या काळी पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी ते आपसांत वाटून घेतले होते, व १९१८ पर्यंत ते परत उभे राहिले नाही. वॉर्सा व चेंस्तोहोवा ही दोन्ही शहरे शंभर वर्षे रशियाच्या झारच्या अमलाखाली होती. सभा नाही, संघटना नाही, स्वभाषेतून शिक्षण नाही. अशा स्थितीत शेकडो लोक एका दिशेने, एक गाणे म्हणत, परस्परांस भाऊ म्हणत चालले आहेत, ही गोष्ट राज्यकर्त्यांस साधी वाटणे शक्य नव्हते. परंतु नवस फेडावयास निघालेल्या माणसास अडवावे कसे, हाही प्रश्न होता.

या वाटेवर रक्तही सांडले आहे. चेंस्तोहोवा जवळ आले असता क्राशित्से नावाच्या खेड्यापाशी यात्रेकरूंचे एक थडगे लागते. १७९२ साली, दुसऱ्या वाटणीच्या आधीच्या धामधुमीत, त्या वर्षीची यात्रा येथून जवळच सशस्त्र लोकांनी गाठली व कापून काढली, अशी परंपरा आहे. नऊ दिवसांच्या वाटेतील बहुतेक वाट संपत आली होती. जथे तेथे थांबतात, प्रार्थना करतात, पुढे जातात. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा लोक निघाले होते, हे आम्हांस त्या कत्तलीहूनही अधिक बोलके वाटते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन अमलाखाली जमावाने निघण्यास बंदी होती, तेव्हा थोडके लोक लहान लहान टोळ्यांनी गेले. १९४४ च्या उठावात वॉर्सा शहर जर्मनांनी बेचिराख केले, त्यात यात्रा जेथून निघते ते पवित्र आत्म्याचे चर्चही पडले. ते मागाहून पुन्हा बांधले गेले व यात्रा पुन्हा त्याच दारातून निघू लागली.

पुढे साम्यवादी राज्य आले. १९५३ च्या सप्टेंबरात सरकारने कार्डिनल स्तेफान विशिन्स्की यांस अटकेत ठेविले. ते सुटण्यापूर्वीच, २६ ऑगस्ट १९५६ रोजी, त्यांनी अटकेत लिहिलेला राष्ट्राचा नवस यास्ना गूरा येथे प्रचंड समुदायापुढे वाचला गेला. त्यांची खुर्ची वेदीपाशी रिकामी ठेवली होती व तिच्यावर फुलांचा गुच्छ होता. १९६३ सालची गोष्ट याहून सांगण्यासारखी आहे. त्या उन्हाळ्यात व्रोत्स्वाव शहरात देवीची साथ उद्भवली. साथ खरी होती, माणसे मेली होती. सरकारने तीच सबब पुढे करून वॉर्साच्या पायी यात्रेस मनाई केली. ज्या यात्रेचा जन्म साथीतून झाला तिला साथीचे निमित्त सांगून थांबवावयाचे, यातील विसंगती लोकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. लोक निघाले, पोलिसांनी वाटा अडविल्या, जथे पांगविले, लोक आडवाटांनी जाऊन पुढे एकत्र झाले. याच यात्रेने २०२० साली करोनाच्या वेळी आपली संख्या अगदी थोडकी करून घेतली. कोणास वाटेल की तेव्हा हट्ट व आता शहाणपण, हे कसे? आम्हांस यात विरोध दिसत नाही. एका वेळी रोगाच्या आडून भक्तीवर रोख होता. दुसऱ्या वेळी रोख रोगावरच होता. साध्या माणसास हा भेद चटकन कळतो.

१९८१ च्या डिसेंबरात पोलंडात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्या दशकात ही यात्रा पूर्वी कधी नव्हती एवढी फुगली. हजारोंच्या संख्येने विद्यार्थी व कामगार चालू लागले. त्यांतले सारेच नवसाने निघाले होते असे म्हणता येणार नाही. कित्येकांस नऊ दिवस मोकळ्या हवेत मोकळे बोलावयास मिळावे एवढीच ओढ होती. परंतु हवा दिसते तितकी मोकळी नव्हती. गुप्त पोलिसांनी आपले खबरे जथ्यांत पेरलेले असत. कोण काय बोलतो, कोणता धर्मगुरू कोणत्या शब्दांत प्रवचन करतो, निशाणावर काय लिहिले आहे, हे सर्व टिपले जाई. यात्रेचे नाव बद्दू व्हावे म्हणून खटपटीही होत. १९८९ साली ते राज्य गेले व पुढे दप्तरे उघडली गेली, तेव्हा हा पसारा उजेडात आला.

हे सर्व ध्यानात धरून आता त्या टेकडीकडे येऊ.

शेवटल्या टप्प्यात वाट संत आन्नाच्या नावाच्या एका खेड्यातून जाते. तेथे तटबंदीतील जुना मठ आहे व दोमिनिकन भगिनी राहतात. लेकीच्या घरी जाण्याआधी आईची गाठ घ्यावी, हा आपल्याकडील रिवाज तेथेही आहे असे समजा. त्यापुढे वार्ता नदीच्या काठी म्स्तूफ हे जुने गाव लागते, तेथेही तटाचा मठ आहे. आणि म्स्तूफ मागे पडले की वाट चढू लागते. ती टेकडी विशेष उंच नाही. आमच्या सह्याद्रीतील गुराखी तिला टेकाड म्हणेल. तिचे नाव प्शेप्रोश्ना गूर्का. पोलिश भाषेत क्षमा मागणे या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून ते आले आहे. क्षमा मागण्याची टेकडी.

या टेकडीच्या माथ्यावरून यास्ना गूरा येथील मठाचा १०६ मीटर उंचीचा मनोरा यात्रेकरूंस प्रथम दिसतो. कोणासही वाटेल की इतक्या दिवसांच्या चालण्यानंतर मनोरा दिसताच लोक धावत सुटतील. तसे होत नाही. जथा थांबतो. गाणे थांबते. धर्मगुरू चार शब्द बोलतो, थोडे मौन होते, आणि मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे वळतो व त्याची क्षमा मागतो. शेजाऱ्याची झाली की पुढच्याची, मग त्याच्या पुढच्याची. लोक एकमेकांस मिठी मारतात, हातात हात घेतात. पुष्कळांस रडू येते. ज्याच्याशी सबंध वाटेत एकदाही बोललो नाही त्याचीही क्षमा मागावयाची, कारण न बोलणे हाही कधी अपराध असतो.

कशाची क्षमा? सांगावयास बसले तर हसू येईल. कोठारात भिंतीकडची कोरडी जागा अडविली. विहिरीवर रांग मोडली. पावसात दुसऱ्याच्या फोडांकडे काणाडोळा करून पाय उचलला. गाणे बेसूर गाणाऱ्याकडे वळून पाहिले. शेवटला पाव घेतला. हे अपराध इतके लहान आहेत की पापनिवेदनात सांगावयासही माणूस संकोचतो, आणि नेमक्या याच कारणाने ते कोठेच सांगितले जात नाहीत. मोठ्या पापास संस्कार आहे. या बारीक काट्यांस ही टेकडी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावयास जाण्याविषयी जी आज्ञा आहे, ती येथे भूगोलात उतरली आहे असे म्हणता येईल. वेदी समोर दिसते आहे. तरी आधी शेजारी वळावयाचे.

आम्ही बरीच वर्षे निरनिराळ्या धर्मग्रामांत पापनिवेदने ऐकत आलो आहो. गुप्ततेचा भंग न करता एवढे सांगण्यास हरकत नाही की, जो माणूस धर्मगुरूपाशी आपली मोठमोठी पापे निर्धास्त सांगतो, त्यास आपल्या जावेपाशी किंवा बांधाला बांध लागलेल्या चुलत भावापाशी जाऊन 'माझे चुकले' एवढे दोन शब्द उच्चारणे जड जाते. धर्मगुरू परका असतो, पडद्याआड असतो, आणि विसरण्यास बांधलेला असतो. जाऊ विसरत नाही. एकाच मिसाला, एकाच बाकाच्या दोन टोकांस बसून वीस वीस वर्षे न बोललेली माणसे कोणत्या धर्मग्रामात नाहीत? शांतीची खूण देण्याची वेळ आली की ती दोघेही आपापल्या पलीकडच्या शेजाऱ्याकडे वळतात. आमच्या यात्रेच्या विचारात कोणत्या चर्चपर्यंत जावे, टोप्या कोणत्या रंगाच्या असाव्यात, जेवणाचे कंत्राट कोणास द्यावे, येथवर चर्चा पोहोचली आहे. वाटेत आमची टेकडी कोठे असावी हे अद्याप कोणी विचारलेले नाही.

एक शंका मात्र राहते, व ती टाळणे बरे नव्हे. १९८० नंतरच्या त्या वर्षांत जथ्यात खबरे असत हे वर सांगितले. ते खबरेही या टेकडीवर चढत. त्यांच्याकडेही कोणी तरी वळे, त्यांची क्षमा मागे, त्यांस मिठी मारी. आणि रात्री टिपणे पोलिसांकडे जात. तेव्हा ही क्षमायाचना फसविली गेली काय? काही लोक म्हणतील की होय, व अशा भाबडेपणाने राज्ये बदलत नाहीत. आमचा विचार निराळा आहे. क्षमा मागणारा आपल्या अपराधाची क्षमा मागतो. समोरचा कोण आहे यावर ती अवलंबून नाही. यात्रेकरूंस आपल्यात खबरे आहेत याची कल्पना नव्हती असेही नाही; ती सर्वांस असे. तरी त्यांनी 'आधी माणूस ओळखू, मग वळू' असा नियम केला नाही. तसा केला असता तर प्रत्येक जण प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागला असता, आणि राज्यकर्त्यांस हवे होते ते हेच. मात्र दप्तरे उघडल्यावर ज्यांची नावे निघाली त्यांच्याविषयी सत्य सांगितले जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. क्षमा व सत्य यांत एक ठेवून दुसरे टाकावयाचे नसते. ज्यांनी भावाबहिणींवर पाळत ठेविली त्यांच्यापुढे टेकडी अद्याप आहे. तिच्यावर चढून या वेळी स्वतः बोलावयाचे, एवढेच.

टेकडी उतरून यात्रा शहरात शिरते. पोलंडच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या दुसऱ्या पायी यात्राही त्याच सुमारास येत असतात, कारण वॉर्साचे पाहून इतर शहरांनीही आपापल्या यात्रा सुरू केल्या आहेत. मरियामातेच्या नावाचा सरळ रुंद राजरस्ता थेट मठाकडे जातो. दोन्ही कडांस शहरचे लोक उभे राहून फुले देतात. पाय सुजलेले, नाके उन्हाने सोललेली, निशाणे धुळीने मळलेली. तटासमोरील मोकळ्या जागेत आले म्हणजे जथेच्या जथे गुडघे टेकतात, कित्येक जण जमिनीवर पालथे पडतात.

त्यानंतर चित्राच्या कपेलात जावयाचे. कपेल लहान आहे, यात्रेकरू असंख्य. नऊ दिवस चालून आलेल्या जथ्यास चित्रापुढे मिळतात ती थोडी मिनिटे. त्या वेळात आपले मागणे, खेड्यातल्या मालकिणीचे मागणे, तिच्या दूरदेशीच्या मुलाचे नाव, जे जे झोळीत साठले ते सांगून घ्यावयाचे. वर सोन्याच्या मुकुटाखाली ते सावळे मुख असते व उजव्या गालावर १४३० सालचे वार. तोच मागल्या दारातून पुढल्या जथ्याचे गाणे ऐकू येते, आणि सेवेकरी पुढे सरकण्याची खूण करतात.